डाव्या चाकामागची चकती

१

रस्त्यावर चाक घासल्याची काळी रेघ एकच होती.

पोलिसांनी काढलेला फोटो माझ्या टेबलावर पडला होता. जिंतूरहून चारठाण्याला जाताना ओढ्यावर जो अरुंद पूल लागतो, त्याच्या अलीकडे ती रेघ सुरू होत होती. थोडी सरळ येत होती आणि मग उजवीकडे वळून दगडी कठड्याला भिडत होती. कठड्याचे दगड ओढ्यात पडले होते, दगडांवर गाडी उलटली होती आणि गाडीत लिंगराज होता. दसऱ्याच्या संध्याकाळी मामाला सोनं द्यायला निघालेला तरणाताठा मुलगा. आपट्याची पानं त्याच्या खिशात तशीच सापडली.

मी दत्तराव, परभणीच्या कोर्टात फौजदारी खटले चालवतो. असले फोटो बघून बघून माणूस निबर होतो म्हणतात. मी निबर झालो नाही, चिडका मात्र झालो. माझी बायको नर्मदाबाई तसं चारचौघांत सांगते, आणि तिचं खोटं नाही.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. लिंगराजच्या घरच्यांचा जिंतुरात तेलाचा घाणा. बाप विरूपाक्षअप्पा लकव्यानं खाटेवर पडलेले, आई मल्लम्मा घर सांभाळणारी, आणि हा एकुलता एक. शेती विद्यापीठात आलेला कुणी परदेशी तज्ज्ञ मायदेशी जाताना आपली मोटार विकून गेला, ती लिंगराजनं हौसेनं घेतली. पंचक्रोशीत तशी गाडी दुसरी नव्हती. तिचं सगळं पाहायचा तो त्यांचा ड्रायव्हर लिंबाजी. आणि आता लिंबाजी खुनाच्या आरोपाखाली परभणीच्या तुरुंगात होता.

त्याच्यावर पोलिसांनी ठेवलेला ठपका कच्चा नव्हता. दसऱ्याच्या दोन दिवस आधी लिंगराजनं त्याला घाण्याच्या फाटकात, सगळ्यांदेखत, थोबाडीत मारली होती. कारण काय, तर दसरा हा बौद्धांचा धम्मदिन, लिंबाजीला परभणीच्या कार्यक्रमाला जायचं होतं आणि मालकाला नेमकी त्याच दिवशी गाडी हवी होती. तरीही लिंबाजी गेला. जाण्याआधी गाडीच्या ब्रेकचं काम त्यानंच केलं होतं. आणि सगळ्यांत वाईट गोष्ट पुढंच होती. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी तो परत आला, थेट ओढ्यात उतरला आणि गाडीच्या डाव्या चाकापाशी बसून खांद्यावरच्या दस्तीनं काहीतरी पुसू लागला. पहाऱ्यावरच्या शिपायानं त्याला तिथंच धरलं. दस्तीवर लाल डाग होता, तो पंचनाम्यात रक्ताचा म्हणून लिहिला गेला.

त्याची बायको गीताबाई माझ्याकडे आली ती उंबऱ्यातच बसली. आत ये म्हटलं तरी येईना.

"साब, माझा नवरा कोंबडीबी कापू देत न्हाई घरात," ती म्हणाली. "पर इचारलं तर बोलतच न्हाई. तुमी तरी बोलतं करा त्याला."

मी तुरुंगात गेलो. लिंबाजी सडपातळ, तिशीचा, बोटांच्या पेरांत काळं बसलेलं. मी वकीलपत्र पुढं केलं. त्यानं ते हातानं मागं सारलं.

"वकीलसाब, ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "माझा खटला लढू नका."

२

असला अशील मिळाला की वकिलानं घरी जावं. मी गेलो नाही, कारण माझा स्वभाव वाईट. नको म्हणणाऱ्याच्या मागं लागायची मला खोड आहे. शेवटी "बायकोसाठी तरी" असं म्हणत त्याच्याकडून सही घेतली आणि स्टेशन रोडवरच्या बन्सीधरला गाठलं.

बन्सीधरचं गॅरेज मोठं आणि त्याचं तोंड त्याहून मोठं. लिंगराजच्या गाडीचे नवे पॅड त्यानंच मुंबईहून मागवून दिले होते, तेव्हा संशयाची सुई त्याच्याकडेही वळू शकत होती. त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

"माल अस्सल होता, वकीलसाब! नकली निघाला तर दुकानाला कुलूप घालतो."

"आधी मला ब्रेक समजावून सांग," मी म्हटलं. "लहान पोराला सांगतो तसा."

त्यानं चहाचं पातेलं उचललं आणि बाकावर पालथं घातलं. "ही आपली देशी गाडी. याला ड्रम म्हणायचं. पातेलं चाकाबरोबर फिरतंय. आत दोन बूट असतात, ब्रेक दाबला की ते फाकतात आणि आतून पातेल्याला घासतात. बाहेरून पातेल्याला रंग लावा, चिखल उडवा, आतल्याला पत्ता नाही." मग त्यानं ॲल्युमिनियमचं ताट उभं धरलं. "आणि ही ती परदेशी गाडी. पुढच्या दोन्ही चाकांमागं अशी लोखंडाची चकती, डिस्क. झाकण नाही, काही नाही, उघडीच फिरायलीय. दोन्ही अंगांनी दोन पॅड, चिमट्यात धरल्यावाणी. ब्रेक दाबला की चिमटा ताटाला आवळतो." त्यानं दोन बोटांनी ताट गच्च धरलं. "लय जबर ब्रेक. पण निगा पाहिजे. पॅड झिजले की बदला, नळीतलं ब्रेकचं तेल कमी होऊ देऊ नका, त्यात दुसरं तेल मिसळू नका. चकती उघडी म्हणून दमट हवेत एका रात्रीत तांबारते. त्याची फिकीर नाही, दोनदा ब्रेक मारला की गंज घासून जातो."

"आणि एकाच चाकाचा चिमटा लागला नाही तर?"

"हळू गाडीला समजत बी नाही, मागचे ब्रेक सांभाळून घेतात. पण जोरात असताना दाबला तर ज्या चाकाचा लागला तिकडं गाडी खेचली जाते. स्टिअरिंग हातात राहात नाही."

माझ्या डोळ्यांपुढं ती एकटी रेघ आली. उजवं चाक धरलं गेलं होतं आणि डावं तसंच फिरत राहिलं होतं.

मी बन्सीधरला घेऊन जिंतूरला गेलो. पोलीस ठाण्याच्या आवारात गाडीचा सांगाडा पडला होता. बन्सीधर त्याच्याखाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याची बडबड बंद झाली होती.

"नळ्या शाबूत," तो म्हणाला. "ब्रेकचं तेल काठोकाठ. रबरं नवी, पॅड माझेच. उजवीकडं सगळं बराबर. डावीकडं बी सगळं बराबर बसवलंय, एक नट ढिला नाही."

"मग?"

त्यानं डाव्या बाजूचा पॅड माझ्या हातावर ठेवला. पॅडचं तोंड खरखरीत असतं, हे काचेसारखं गुळगुळीत झालं होतं.

"याला वंगण लागलंय," बन्सीधर हळू आवाजात म्हणाला. "चकतीला कुणीतरी हातानं चोपडलंय, वकीलसाब. हा बिघाड नाही."

३

म्हणजे मी माझ्याच अशिलाच्या गळ्यातला फास आवळला होता. ब्रेकला हात लावणारा लिंबाजी, पुसताना सापडलेला लिंबाजी. आता आणखी कुणाचा हात त्या चाकापर्यंत पोचला होता, ते शोधायला हवं होतं.

तो हात नागनाथचा निघाला. नागनाथ लिंगराजचा चुलतभाऊ. घाण्याच्या कारभारावरून दोघांत वर्षभर अबोला होता, दसऱ्याला तो मिटला, आणि त्याच संध्याकाळी लिंगराज गेला. आता घाणा नागनाथच्या ताब्यात आला होता. लिंबाजीला फाशी व्हावी म्हणून सगळ्यांत जास्त ओरडत होता तोही नागनाथच. मला तर तो माणूस पाहताक्षणी आवडला नाही.

"वकीलसाहेब, त्या माणसाला तुमी वाचवायलाव?" गादीवरून न उठता तो म्हणाला. "आमच्या घरचं अन्न खाल्लंय त्यानं."

"दसऱ्याच्या दिवशी गाडीचं चाक कुणी बसवलं?"

"लिंगराजनं. डावं चाक काडून ठिवलं व्हतं लिंबाजीनं. गाडी इटांवर उभी."

"चाक तसंच सोडून तो का गेला?"

"पाने कुटं व्हते त्याच्याजवळ? खंडेनवमीला समदी हत्यारं पूजेला मांडत्यात. घरातला इळा, कुऱ्हाड, घाण्याची पहार, गाडीचे पाने, जॅक, समदं. एकदा मांडलं की दसऱ्याची पूजा हलवल्याबिगर उचलत न्हाईत. चाक चढवायच्या आधीच पाने पूजेला गेले. मंग हा गेला निघून परभणीला."

"आणि तुम्ही?"

"मी हातभार लावला. दिवस मावळायला आल्ता, घाई व्हती. मी चाक धरलं, त्यानं नट आवळले." त्याचा आवाज जरा उतरला. "वर्षानं बोललो आमी. 'नागूदादा, चल की चारठाण्याला,' म्हनला. मी गेलो न्हाई."

"चाक धरताना हाताला काही लागलं?"

"ग्रीस लागलं आसंल. तिथंच धोतराला पुसलं." तो चिडून म्हणाला, "नवं धोतर वाया गेलं. डाग निगंना म्हून बायकोनं साबण घासला तर पिवळा व्हता तो लालबुंद झाला. आता डाग बी माझ्यावर लावायलाव का?"

मी परत आलो ते मनात नागनाथला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करूनच. घरी जेवताना नर्मदाबाईला सगळं सांगितलं. ती वाढता वाढता थांबली.

"ग्रीसचा डाग साबणानं लाल होतो?" तिनं विचारलं.

"होत असेल."

"तुम्ही वकील कसे झालात हो?" ती म्हणाली. "साबण लागल्यावर लाल होतो तो हळदीचा डाग. गावातल्या कुठल्याही बाईला विचारा."



४

दुसऱ्या दिवशी कोर्टात अर्ज देऊन जप्त केलेली दस्ती पाहिली. रक्त दोन-तीन दिवसांतच काळपट तपकिरी पडतं, हे मी इतक्या खटल्यांत पाहिलंय की डोळे झाकून सांगेन. या दस्तीवरचा डाग दोन महिन्यांनंतरही लाल होता. मी ती नाकाशी नेली. ग्रीसचा वास नव्हता. घाण्याच्या तेलाचा, खवट झालेल्या करडईच्या तेलाचा वास होता. लाल होतं ते कुंकू.

लिंगराजच्या घरात मी त्याच दुपारी गेलो. विरूपाक्षअप्पांची खाट ओसरीवर होती. त्यांचे डोळे माझ्यामागं फिरले, बाकी काही हललं नाही. मल्लम्मा आतून आल्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, पायांत बळ नसल्यासारखं चालणं. गावात सगळे त्यांना अव्वाच म्हणत.

मी लिंबाजीचा वकील म्हटल्यावर हाकलून देतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"लिंबाजीनं न्हाई केलं," त्या म्हणाल्या. "पोलिसालाबी सांगितलं मी. माझं कोन ऐकतंय? त्याला वरण-भाकर कोन देतंय तितं?"

बोलता बोलता त्या अडकित्त्यानं सुपारी कातरत होत्या. अडकित्ता जुना असावा, पण आरशासारखा चकचकीत होता. कोपऱ्यातला विळा, खुंटीवरची कुऱ्हाड, दाराची कडी, सगळं लोखंड तसंच. घरभर एक गंजाचा ठिपका दिसेना.

"अव्वा, खंडेनवमीची पूजा कोण करतं तुमच्याकडं?"

"आधी अप्पा करायचे. त्ये पडल्यापासून मीच." त्यांचा चेहरा जरासा उजळला. त्या घरात त्यानंतर तो तसा मी पुन्हा पाहिला नाही. "लोखंडाला तेल लावल्याबिगर मी नवमी जाऊ देत न्हाई. आमचा घाणा हाय, तेलाची काय कमी? समदी हत्यारं घासायची, तेल लावायचं, हळदकुंकू लावायचं. लोखंडानं वरीसभर आपल्या लेकरांना जपलं पायजे, म्हून."

"गाडीची पण पूजा केलीत?"

"केली की. आधीच्या जीपची करायचे मी दर साली, चारी चाकांला. या साली नवी गाडी. लिंगराज तिच्यावर लय जीव टाकायचा." त्या सुपारी कातरायच्या थांबल्या. "एक चाक काडलेलं व्हतं. आत बघते तर उघडीच लोखंडी चकती, ताटावाणी, तांबारलेली. मला कसंतरीच झालं. इतकी मोलाची गाडी आन् तिला गंज? मंग चांगलं वंजळीत तेल घेतलं आन् दोन्ही अंगानं मुरंस्तोवर हातानं चोळलं. हळदकुंकू लावलं. लिंगराज सुखरूप जावा-यावा म्हनलं."

जीपच्या चाकांमागं ड्रम होते, पालथी पातेली. त्यांना बाहेरून वर्षानुवर्षं तेल लावलं तरी आत पत्ता लागला नाही. ही चकती उघडी होती. दुसरी चकती चाकाआड होती म्हणून तिला अव्वांचा हात लागला नाही.

"वकीलसाब, पानी प्या की," मल्लम्मा म्हणाल्या.

मला ते पाणी प्यायचा धीर झाला नाही.

५

लिंबाजीपुढं मी एवढंच म्हणालो, "चकतीला तेल कुणी लावलं ते मला कळलंय."

त्यानं गज धरले.

"त्यांना सांगितलं का?"

"अजून नाही."

तो खाली बसला. मग बोलायला लागला. "मी परभणीहून येतानाच ऐकलं. ओढ्यात गेलो. डावं चाक अर्धं तुटून लोंबायलंय, चकती उघडी, आन् मधल्या भागाला कुंकू. मी बघताच वळखलं, वकीलसाब. त्या घरात तेलाचं बोट लोखंडाला कोन लावतंय, मला ठावं हाय. मला वाटलं, आता फौजदार येनार, मेस्त्री येनार, समद्या गावाला कळनार. अव्वाला कळनार. म्हून पुसलं."

"आणि फाशी जाशील त्याचं काय?"

"मी ल्हान असताना आमच्या मानसाला त्या गावात पानी बी वरून वतायचे. अव्वानं मला चुलीपाशी बसवलं. लिंगराजच्या ताटाला ताट लावून भाकर वाढली. अप्पांना म्हनल्या, आपल्या शिवाला जात न्हाई." तो रडत नव्हता, आणि ते पाहणं जास्त अवघड होतं. "लिंगराजनं मला मारलं ते बी खरं. पर आमी एका ताटाच्या कडंला वाडलोय. त्या बाईला लेक गेला एवढं पुरं हाय. आपल्याच हातानं गेला, हे नगं कळायला."

"चूक तुझी नाही, लिंबाजी."

"हाय की. पाने पूजेला गेले तवा चकतीवर पोतं टाकून जायला पायजे व्हतं. अव्वाला सांगायला पायजे व्हतं की हिला हात लावू नका. मी रागात निघून गेलो."

बाहेर गीताबाई थांबली होती. तिला मी खरं ते सगळं सांगितलं. तिचा हक्कच होता तो. ती पदराशी चाळा करत ऐकत राहिली.

"अव्वा देवमानूस हाय," ती म्हणाली. "माझी दोनी बाळंतपनं तिनंच केली. पर साब, ती माय हाय तशी मी बी माय हाय. माझी पोरं रस्त्यावर आली तर त्यायला कोन पुसनार हाय दस्तीनं?"

नवऱ्याचं ऐकावं तर बायको बुडते, बायकोचं ऐकावं तर एका म्हातारीच्या काळजात सुरी. वकिलीची मला त्या दिवशी किळस आली. बन्सीधरला सरकारी पक्षानंही बोलावलं होतं, त्याची साक्ष झाली की चकतीला तेल होतं हे सिद्ध होणार होतं, आणि ते कुणी लावलं हे सांगणारं दुसरं कुणी आलं नाही तर न्यायाधीश लिंबाजीकडंच बोट दाखवणार होते. जगात साक्षीदार एकच होता.

मी मल्लम्मांना समन्स काढलं.

६

मी माझ्या परीनं सावध होतो. बन्सीधरची साक्ष सकाळी उरकून घेतली. तेव्हा मल्लम्मा बाहेर व्हरांड्यात बसल्या होत्या, त्यांच्या कानांवर एक शब्द गेला नाही. न्यायाधीशांना चेंबरमध्ये भेटून बाईंचं वय आणि दुःख सांगितलं, कमीत कमी विचारू द्या म्हटलं. त्यांनी मान डोलावली. अव्वांनी फक्त पूजेचं सांगावं आणि घरी जावं, अर्थ बाकीच्यांनी लावावा, असा माझा बेत. बेत तसा चांगला होता.

त्या साक्षीला उभ्या राहिल्या तेव्हा पिंजऱ्यातला लिंबाजी एकदम ओरडला, "अव्वा, घरी जावा! काई बोलू नका!" शिपायानं त्याला खाली बसवलं.

"आसं का करायलाय रं?" त्या मायेनं म्हणाल्या. "मी तुला सोडवायला आले."

मी विचारलं, त्यांनी सांगितलं. नवमी, हत्यारं, तांबारलेली चकती, ओंजळभर तेल. मला सांगितलं होतं तसंच, शब्द न शब्द. मी "आणखी काही विचारायचं नाही" म्हणून खाली बसलो आणि सरकारी वकिलाकडे पाहिलं. तो माझा जुना मित्र. मी नजरेनं विनवलं. पण त्यालाही त्याचं काम होतं, आणि साक्षीदार आरोपीच्या मायेपोटी बनवून सांगतेय अशी त्याला खरंच शंका होती.

"बाई," तो उठून म्हणाला, "चकतीला तेल लावलं तर ब्रेक लागत नाही, माणूस मरू शकतो, हे तुम्हाला माहीत होतं का?"



"काय म्हनले?" मल्लम्मा म्हणाल्या.

त्यानं प्रश्न पुन्हा विचारला. दुसऱ्यांदा विचारताना त्याच्याही लक्षात आलं, आणि वाक्य अर्धवट राहिलं. पण अर्धंही पुरेसं होतं. मल्लम्मांनी आपला उजवा हात उघडला आणि तळव्याकडं बघितलं. मग तो हात लुगड्याला पुसला. पुन्हा बघितला, पुन्हा पुसला. त्या कितीतरी वेळ पुसतच राहिल्या, शेवटी न्यायाधीशांनी कामकाज थांबवलं.

लिंबाजी त्याच आठवड्यात निर्दोष सुटला. लोक माझं अभिनंदन करत होते. एका सहकाऱ्यानं पेढे आणले. मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

७

निकालाच्या दिवशी मल्लम्मा आल्या होत्या. नागनाथनं आणलं होतं त्यांना. आवारातल्या लिंबाखाली, जमिनीवर बसल्या होत्या. केसांना तेल नव्हतं. नागनाथ मला बाजूला घेऊन म्हणाला, "घरात दिवा लावू देत न्हाईत. फोडणी दिली तर जेवत न्हाईत. समद्या लोखंडाला गंज चडायलाय, पुसू बी देत न्हाईत." त्या माणसाचा मला राग यायचा तो कधी गेला कळलं नाही. त्याच्या अंगावर तेच डागाचं धोतर होतं.

लिंबाजी सुटून बाहेर आला. गीताबाई पुढं झाली, पण तो तिच्यापाशी थांबला नाही. सरळ लिंबाखाली गेला आणि मल्लम्मांसमोर उकिडवा बसला. माझ्याकडं त्यानं एकदाच पाहिलं. सोडवलेल्या अशिलानं वकिलाकडं असं पाहिलेलं मला दुसरं आठवत नाही.

"अव्वा," तो म्हणाला, "तुमी त्या कोर्टातलं मनाला लावून घेऊ नका. समदं खोटं हाय त्ये."

त्यांनी मान वर केली.

"वकीलसाबनं रचलं मला सोडवायला. वकील लोक आसंच करत्यात. तेलानं कुटं ब्रेक जातंय का? मी इतकी वर्सं गाडी हाकायलोय, मला ठावं न्हाई व्हय?" तो घाईघाईनं बोलत होता. "चकती कोरडी ठाक व्हती. मी बघितली ना डोळ्यानं. तेलाचा थेंब न्हवता. लिंगराजनं जोरात हाकली, एवढंच. इचारा वकीलसाबला."

मी पुढं झालो. "खरं आहे, अव्वा," मी म्हणालो. "मी रचलं होतं." आयुष्यात इतक्या मनापासून मी कधी खोटं बोललो नव्हतो.

मल्लम्मांनी माझ्याकडं पाहिलं, मग लिंबाजीकडं. क्षणभर मला वाटलं, जमलं. त्यांच्या तोंडावर काहीतरी सैल झाल्यासारखं दिसलं. त्यांनी हात पुढं करून लिंबाजीच्या गालावरून फिरवला, लहान पोराच्या फिरवतात तसा.

"चकती कोरडी व्हती?" त्यांनी विचारलं.

"कोरडी, अव्वा. तुमची आन."

"मंग पुसलंस काय, लेकरा?"

लिंबाजीचा हात दस्तीसाठी खांद्यावर गेला. खांदा रिकामा होता.

मल्लम्मा झाडाला धरून उठल्या. नागनाथनं हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यानं त्या चालत निघाल्या. उजवा हात अंगापासून जरा लांब धरला होता, लुगड्याला लागू नये म्हणून.